टीम मॅनेजर पालकाचं काम एकदा कागदावर लिहा

प्रति,
संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात स्पोर्ट्सच्या पानावर खालच्या कोपऱ्यात आपल्या इथल्या अंडर-१३, अंडर-१५ च्या फुटबॉल मॅचेसच्या बातम्या येतात, मी त्या न चुकता वाचते. गोल कोणी मारले, कितव्या मिनिटाला मारले, कोच कोण, बक्षीस कोणाच्या हस्ते, आणि मग 'यावेळी प्रामुख्याने उपस्थित होते' म्हणून आठ-दहा नावं, ज्यातल्या अर्ध्यांना पोट्ट्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेलं असते. तक्रार नाही, पेपरला पेपरचं चालवावं लागते. पण त्या प्रत्येक टीमच्या मागे एक आई नाहीतर बाबा असतात ज्यांना क्लबवाले टीम मॅनेजर म्हणतात, पगार नाही, मानधन नाही, पेट्रोलपण स्वतःचंच. मी त्यातलीच एक, आमच्या टीमचे पोट्टे मला मॅनेजर काकू म्हणतात. पेपरात नाव यावं म्हणून हे पत्र नाही लिहून राहिली बाप्पा, ते राहू द्या. मला एवढंच म्हणायचं आहे की हे काम काय आहे आणि काय नाही, हे नागपुरातल्या क्लबांनी आणि शाळांनी एकदा लेखी द्यावं, कारण लेखी नसल्यानं जे जे होऊन राहिलं त्याचा त्रास शेवटी पोरांनाच होते.

लोकांना वाटते मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी बाई. ते तर आहेच, आणि ते पण काही हलकं काम नाही, एप्रिल-मेमध्ये आपल्या इथं पारा पंचेचाळीसच्या पुढे जाते, समर कॅम्प सकाळी सहाला सुरू केला तरी साडेआठला ग्राउंड तापलेलं असते. दर वर्षी नव्या आयांना मी सांगते की ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका, चव छान लागते म्हणून तर मुळीच नाही. आणि ते गोड ज्यूसचे डबे, ज्यांच्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं असायचं, ते ओआरएस नव्हतंच, २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यांना ते नाव लावायची बंदी केली तेव्हा कुठे आमच्या ग्रुपवरचा वाद मिटला.

पण खरं काम मॅचच्या आधीच्या वीस मिनिटांत असते. कोच सर तिकडे वॉर्मअप घेऊन राहिले असतात, आणि इकडे रेफरी पोरांना लाईनमध्ये उभं करून चेक करतात, स्टड म्हणजे बुटाखालचे खिळे, शिनगार्ड म्हणजे नडगीवरचं कवच, हात, गळा, कान. फुटबॉलच्या नियमात, नियम नंबर ४, शिनगार्ड कम्पल्सरी आहेत आणि अंगावर कसलाही दागिना चालत नाही, वरून चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही. आता आपल्याकडच्या पोरांच्या अंगावर काय काय असते ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका पोट्ट्याच्या हातात तांब्याचं कडं आणि त्याच्या वर काळा दोरा, दोऱ्याला गाठीच गाठी. रेफरी म्हणे कडं काढ आणि दोरापण काढ. पोट्टं म्हणे कडं काढतो पण दोरा नाही काढत, आजीनं बांधला. रेफरी घड्याळ पाहून राहिले, पोरगं रडकुंडीला आलं, सर लांब. मी त्याच्या आईला फोन लावला, आई म्हणे आजीशी बोला, आजी फोनवर आल्या, आधी तर मलाच विचारलं की तू कोण, मग म्हणे ठीक आहे पण जमिनीवर ठेवू नको आणि मॅच संपली की तूच बांध, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. दोरा सोडवला, नखांनी, कात्री चालणार नव्हती ना, पर्समध्ये नाण्यांच्या कप्प्यात ठेवला, चेन लावली, आणि तोवर किकऑफ होऊन गेला होता. पोट्टं दोन मिनिटं उशिरा आत गेलं. हे काम कोचनं करायचं असते का? त्यांनी केलं तर टीम कोण पाहील? आणि कोणीच नाही केलं तर ते पोरगं बाहेर बसते, एवढं साधं आहे.

मग कागदपत्रं. जन्मदाखला, आधार, फोटो, शाळेच्या स्पर्धा असल्या तर बोनाफाईड, फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या सिस्टीमवर, ऑनलाईन रजिस्ट्रेशन. एकाचं नाव आधारवर वेगळं आणि दाखल्यावर वेगळं, एकाच्या दाखल्यावर नावच नाही, नुसतं आईबाबांचं नाव आणि लिंग, कारण जन्म झाला तेव्हा नाव ठेवलं नव्हतं आणि नंतर टाकायचं राहून गेलं. हे सगळं फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कळते. आणि एखादे बाबा हळूच बाजूला घेऊन म्हणतात, मॅडम, तारीख थोडी मागेपुढे नाही का होणार, एका वर्षाचाच तर प्रश्न आहे. मी त्यांना सांगते, भाऊ, वरच्या लेव्हलला शंका आली की डाव्या मनगटाचा एक्सरे काढतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात त्याला, हाडावरून वय काढतात, तिथं तुमचा दाखला कामात येत नाही आणि पोरगं सगळ्यांसमोर खोटं पडते. बहुतेक जण ऐकतात. जे नाही ऐकत ते मला ग्रुपवर टोमणे मारतात. अशा वेळी 'हे क्लबच्या नियमात आहे' म्हणून दाखवायला माझ्याजवळ एक कागद असता तर बरं झालं असतं, सध्या सगळं माझ्या तोंडाच्या शब्दावर चालून राहिलं.

बाहेरगावच्या स्पर्धा म्हणजे तर वेगळंच. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडते आणि स्पर्धेचे ड्रॉ येतात दहा-बारा दिवस आधी. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणजे सोळा पोरं, सर, मी, तीन तिकिटं झाली, जास्तीची एकदम काढायची तर क्लबच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन स्टेशनवर जा. आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारतेच की माझा तर अजून बाराचा नाही झाला, हाफ तिकीट काऊन नाही काढलं. २०१६ पासून पाच ते बाराच्या आतल्या मुलाला स्वतःची बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं आहे, हाफ तिकिटात बर्थ मिळत नाही, रात्रभराचा प्रवास करून सकाळी मॅच खेळायची असली तर पोरगं कोणाच्या पायाशी झोपवता का तुम्ही.

बरं हे सगळं दमवणारं आहे पण यात भांडण नाही. भांडण आहे सिलेक्शनमध्ये, आणि मला खरं त्याच्यावरच लिहायचं आहे.

माझा पोरगा लेफ्ट बॅक खेळतो. तो सुरुवातीच्या अकरात असला की मागे आयांच्या घोळक्यात चर्चा, मॅनेजरचाच आहे ना, कसा नाही राहणार. तो बेंचवर बसला की दुसरी चर्चा, पहा हिच्याकडून एवढं काम करून घेतात आणि पोराला बसवतात. म्हणजे तो कसा खेळला हे कोणी पाहूनच नाही राहिलं. आणि त्या पोरालापण हे ऐकू जाते, तेरा वर्षाचं पोट्टं काही बहिरं नसते. एकदा त्यानंच मला विचारलं, आई तू हे सोडून दे ना. मी नाही सोडलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं, हे पण खरं.

पण लोकांच्या मनात येते त्याला कारण आहे, उगाच नाही येत. आपल्या शहरातल्याच एका क्लबात, नाव नाही लिहीत, मॅनेजर बाबांनी टीमच्या बुटांचा अर्धा खर्च उचलला, गाडी दिली, स्पर्धेची एंट्री फी भरली, आणि मग सहा महिन्यात ते बेंचवर बसून 'त्याला बाहेर काढ, याला टाक' ओरडायला लागले. कोच तरुण पोरगा, नुकतं कोचिंगचं लायसन्स केलेला, त्याला तरी कसं नाही म्हणता येईल. जे पोरगं बाहेर आलं ते ग्राउंडच्या कडेला जर्सीत तोंड खुपसून बसलं होतं. तिथं असलेल्या कोणालाच त्या पोराला काय सांगावं सुचलं नाही, आणि क्लबनं त्या बाबांना एका शब्दानं काही म्हटलं नाही, कारण त्यांच्या गाडीतच टीम आलेली.

बेंचवरून ओरडणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमात रेफरी टीमच्या ऑफिशियललापण पिवळं-लाल कार्ड दाखवू शकतात, मॅनेजर त्यात आलाच. आणि बेंचवरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही तर कार्ड तिथं असलेल्या सीनियर कोचला मिळते. म्हणजे तोंड सोडायचं मॅनेजरनं आणि बाहेर जायचं कोचनं, पोरं मग कोणाकडे पाहून खेळतील सांगा.

म्हणून त्या कागदावर पहिल्या ओळीत हे पाहिजे की मॅनेजरचा सिलेक्शनशी आणि कोण किती मिनिटं खेळते याच्याशी काही संबंध नाही, तो सरांचा विषय आहे. दुसऱ्या ओळीत असं की पालकांना याबद्दल बोलायचं असलं तर सरांशी बोला, पण मॅच झाल्या झाल्या नाही, दुसऱ्या दिवशी. मला रात्री अकराला मेसेज येतात 'माझ्या पोराला काऊन बसवलं', मी काय उत्तर देऊ, मला माहीतच नसते, आणि माहीत असलं तरी मी सांगू नये. मॅच हरली त्या रात्री लोक जे टाइप करतात ते सकाळी स्वतःच डिलीट करतात, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ द्यायची.

पैशाचंही तसंच. वर्गणी माझ्या पर्सनल खात्यावर यूपीआयनं येते, कारण क्लबचं खातं कोणाच्या सहीनं चालते ते कोणालाच धड माहीत नाही. मी दर महिन्याला हिशोब ग्रुपवर टाकते, बिलांचे फोटो टाकते, तरी कधीतरी कोणी तरी म्हणणारच. क्लबनं खातं द्यावं, दोन सह्या ठेवाव्या, विषय संपला. आणि एक गोष्ट मी काही क्लबांमध्ये पाहिली, बाकीदारांची यादी ग्रुपवर टाकतात, नावासकट, लाल खुणा करून. असं करू नका हो. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला वेगळं भेटून विचारा. यादी टाकली की पैसे येत नाहीत, पोरगं यायचं बंद होते.

आणि हे नागपूर आहे. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये इथंच झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, जे पुढे स्लम सॉकर म्हणून जगभर गेलं, फुटबॉल काही फक्त पाच हजाराचे स्टड घालणाऱ्यांचा नाही हे आपल्या शहरानं सगळ्यांना दाखवलं. कामठीत रब्बानी क्लबसारखी जुनी नावं आहेत, मोमीनपुऱ्यात लहान पोरांच्या मॅचला मोठी माणसं काम टाकून उभी असतात, तिथं मी असे चाचा पाहिले आहेत ज्यांचं स्वतःचं पोरगं टीममध्ये नाही पण बॉल, पंप, जाळी, सगळं त्यांच्या घरी. मला सांगा यातल्या किती माणसांना आजचा क्लब मॅनेजर करेल? आपण मॅनेजर कोणाला करतो, तर ज्याच्याजवळ कार आहे, शनिवार मोकळा आहे, ईमेल करता येते त्याला. म्हणजे ज्याचे आईबाबा रोजीवर जातात त्या पोराच्या बाजूनं बोलणारं बेंचजवळ कोणीच नसते.

आमच्याकडे एक ऑटोवाले भाऊ आहेत, त्यांचा पोरगा गोलकीपर. त्यांना फॉर्म भरायला सांगितलं तर हात जोडतात. पण कोणाचा पाय मुरगळला, कोण सकाळपासून उपाशी आलं, कोणाचा बूट फाटला, हे त्यांना माझ्याआधी कळते. बर्फ कुठून आणायचा, मुरगळलेला पाय कोणाला ताणू-ओढू द्यायचा नाही, डोक्याला लागलेल्या पोराला परत आत सोडायचं नाही, यावर तर ते सरांशीपण भांडतात आणि बरोबर भांडतात. म्हणून माझं म्हणणं असं की एका टीमला दोन मॅनेजर करा, एक कागदाचा आणि एक ग्राउंडचा, आणि दोघं वेगवेगळ्या घरचे, जमलं तर वेगवेगळ्या वस्तीतले. आमच्याकडे आम्ही हे आपसात सुरू केलं, क्लबनं नाही, आणि माझा अर्धा भार तर गेलाच पण ते आयांचं कुजबुजणंही कमी झालं, कारण आता बेंचजवळ एकटी माझ्याच पोराची आई नसते.

मुलींच्या टीमबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत ज्युनियर मुलींचा गट आहे, आपल्या शाळांच्या मुली जिल्ह्याच्या, विभागाच्या मॅचेसला बाहेर जातात. सोबत बाई पाहिजेच, रात्रीच्या प्रवासाला आणि मुक्कामाला तर पाहिजेच, कोणाची तरी आई येते म्हणाली होती पण ऐनवेळी जमलं नाही, हे चालणार नाही. आणि मुलगा असो की मुलगी, मॅनेजरला काही गडबड दिसली किंवा पोरानं येऊन सांगितलं तर काय करायचं हे आधीच माहीत पाहिजे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती झाली त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'क्लबची बदनामी होईल, आपसात पाहू' हा पर्यायच कायद्यात नाही. मी किती मॅनेजरांना विचारलं, कोणालाही क्लबनं हे सांगितलेलं नाही. मलापण नाही सांगितलं, मी स्वतः वाचलं.

माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्या पोराच्या टीमला पण पालकच मॅनेजर असतात, त्याला सॉकर मॉम वगैरे म्हणून हसतात तिकडे, पण काम पक्कं ठरलेलं. तिकडे एवायएसओ नावाची एक मोठी संस्था आहे, १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये सुरू झाली, मुख्यतः व्हॉलंटियर पालकांच्या भरवशावर चालते, आणि तरीही व्हॉलंटियर व्हायचं तर बॅकग्राउंड चेक होतो आणि मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग करावं लागते. म्हणजे फुकट काम करणाऱ्यालापण नियम आहेत. तिकडचं सगळंच चांगलं आहे असं नाही, काही प्रायव्हेट क्लबांची फी तिनं सांगितली तर माझे डोळे पांढरे झाले. पण आपल्याकडे उलटं आहे, माणूस फुकट काम करून राहिला ना, मग त्याला काय नियम सांगायचे, असा हिशोब. त्यामुळे चांगला माणूस दोन वर्षात थकून सोडते आणि ज्याला सोडायचं नसते तो का सोडत नाही हे कोणी विचारत नाही.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि लगेच जुलैपासून शाळांच्या स्पर्धांची धावपळ सुरू होते, तेव्हा कोणाला कागद लिहायला वेळ नसते. म्हणून मेच्या समर कॅम्पमध्येच क्लबांनी आणि शाळांच्या पीटी सरांनी पालकांची एक मिटिंग घ्यावी आणि तिथंच हे एक पान वाटावं. मॅनेजर दोन, मुदत एक वर्ष, त्यानंतर दुसऱ्यांचा नंबर. सिलेक्शनमध्ये तोंड घालायचं नाही. पैसे क्लबच्या खात्यावर. प्रवासाची तिकिटं आणि एंट्री फीचे पैसे मॅनेजरनं खिशातून आधी भरायचे नाहीत, क्लबनं द्यायचे, कारण जो भरते तो मग हक्क सांगते. ओरडणाऱ्या पालकाला ग्राउंडच्या बाहेर न्यायचं काम क्लबच्या माणसाचं, मॅनेजरचं नाही, आम्हाला त्याच लोकांसोबत उद्या पोरं आणायची-सोडायची असतात. आणि मॅनेजरच्या पोराबद्दल सरांना काही सांगायचं असलं तर त्यांनी ते दुसऱ्या पालकाला सांगावं, आमच्याकडे माझा नवरा आहे, त्याला सांगतात, मला नाही.

असं एक पान मी लिहून आमच्या क्लबच्या सेक्रेटरींना दिलं आहे, ते वाचतो म्हणाले. दुसऱ्या क्लबच्या पालकांना पाहिजे असलं तर मी एक कॉपी तुमच्या ऑफिसात आणून देते, झेरॉक्स ज्यानं त्यानं आपली काढावी.

आपली,
एक फुटबॉल पालक, नागपूर